तालमीतल्या दहा बैठका

तेल-ताक घातलेल्या लाल मातीचा वास आला की अजून माझं डोकं तापतं. तिशीत मी सोलापूरच्या एका गिरणीत कारकून होतो, जिना चढताना धापा टाकणारा लठ्ठ माणूस. तालमीत गेलो, तर वस्तादांनी पहिल्याच दिवशी दोनशे बैठका सांगितल्या. चाळिसाव्या बैठकीला मी कोसळलो. "म्हशीला कुस्ती शिकवायची व्हय?" वस्ताद म्हणाले आणि सगळी तालीम हसली. एका म्हाताऱ्या पैलवानानं मला उठवलं. "उद्या दहाच मारा," तो म्हणाला, "बोलता आलं पायजे, इतक्या दमानं. मग वाढवू की." "दहा मारायला ही तालीम न्हाय," वस्तादांनी सुनावलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याच समोर, मोठ्यानं मोजत, दहा मारल्या. मग रोज थोड्या वाढवत गेलो. पोट आजही आहे, पण गावातल्या तळ्याभोवती अख्खी फेरी न थांबता मारतो. शिकायला आलेल्या माणसाला हसणाऱ्या त्या वस्तादांना मात्र मी कधीच माफ केलं नाही.