घासणारं फाटक

आमच्या गावात नवं घर बांधणारा माणूस छपराच्या आधी कुंपणाची काळजी करतो. समुद्र अगदी उशाशी, आणि तिथून येणारा वारा रिकाम्या हाताने कधी येत नाही. मीठ आणतो, वाळू आणतो. खिडकीचे गज, सायकलची साखळी, दाराची कडी, जे लोखंडाचं दिसेल ते चाटत बसतो. नाटकातून निवृत्त होऊन मी इथे राहायला आले, आणि पहिल्याच वादळाने माझं फाटक बिजागऱ्यांसकट उचलून शेजाऱ्यांच्या अंगणात नेऊन ठेवलं. इतकी दणदणीत एक्झिट मी उभ्या जन्मात रंगमंचावर पाहिली नव्हती.

"समोरच्या फाटकदादांना सांगा," शेजारी म्हणाले. "आणि वहिनींना चहा विचारा, नाहीतर काम पास व्हायचं नाही."

काम पास होणं म्हणजे काय, ते मला दोघं आल्यावर कळलं. दादा उंच, किडकिडीत, बोलायला कंजूष. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी सदऱ्याची चाळण झालेली. वहिनी बुटक्या, ठसठशीत, डोक्याला रुमाल बांधलेल्या, हातात ग्रीसचा डबा. मी सांगितलं, मला पूर्ण पत्र्याचं फाटक हवं, रस्त्यावरून आतलं काही दिसायला नको.

"मग ते फाटक नाही ताई, शीड झालं," दादा म्हणाले. "वाऱ्याला जायला वाट ठेवली नाही, तर तो फाटकच घेऊन जाईल."

"आणि एवढं झाकण्यासारखं आहे तरी काय हो घरात?" वहिनींनी विचारलं. "नाटकातली माणसं तुम्ही. लोकांनी बघितलं तर बरंच की!"

मी हसले, आणि तिथेच आमची मैत्री झाली.

त्यांचं काम मी ओट्यावर बसून पाहिलं. पोकळ पाइपच्या खांबाला दादांनी वरून टोपी बसवली आणि बुडाशी छोटं भोक पाडलं, आत शिरलेलं पाणी तिथून निघून जावं म्हणून. खांबाभोवतीचं सिमेंट सपाट न ठेवता चारी बाजूंनी उतरतं केलं. वेल्डिंगचा प्रत्येक सांधा घासला, त्यावर जस्ताचा थर दिला, मग रंग. गंज सांध्यापासून घर करतो, म्हणाले. ओळंबा सोडून खांब सरळ आहेत का पाहिले, फाटक टांगलं, आणि बाजूला होऊन उभे राहिले. आता प्रवेश वहिनींचा. त्यांनी माझ्याकडून भरलेल्या बादल्या मागून घेतल्या, दोन्ही हातांत धरल्या, रस्त्यावर गेल्या, आणि कोपराने कडी उचलून फाटक ढकललं. ते आवाज न करता उघडलं आणि त्यांच्या पाठीमागे आपलं आपण मिटलं.

"हं," वहिनी म्हणाल्या. "पास."

"बादल्या कशाला पण?" मी विचारलं.

"बाहेरून येणाऱ्या माणसाचे हात कधी मोकळे असतात का ताई? कडेवर पोर असतं, हातात पिशव्या असतात. वर हा वारा."

कोपराने न उघडणारं फाटक दादांनी कधी कोणाच्या हवाली केलं नाही. गाव त्यांना कोपरवहिनी म्हणायचं. वादळ सरलं की दोघं हातगाडी घेऊन निघायचे, फाटकांवरचं मीठ गोड्या पाण्याने धुवायचे, बिजागऱ्यांना ग्रीस भरायचे. एखादं फाटक खाली बसून जमिनीला घासताना दिसलं, की त्या घरच्यांच्या आधी वहिनीच ओरडायच्या. घासणारं फाटक त्यांना बघवतच नसे. तापाने फणफणलेलं मूल समोर असावं तशा त्या तिथून हलायच्या नाहीत. "अहो, आधी हे," एवढंच म्हणायच्या, आणि दादा मुकाट्याने पाना काढायचे.

वहिनींचं विसरणं ग्रीसपासून सुरू झालं. सकाळी माझ्या बिजागरीला ग्रीस लावून गेल्या, दुपारी पुन्हा आल्या, दिवस मावळताना पुन्हा. "कोरडी पडलीय हो," म्हणाल्या. बिजागरीतून ग्रीस ओघळत होतं.

"वहिनी, फाटकाला न्हाऊ घालताय का?" मी चेष्टा केली. त्या हसल्या नाहीत. हातातल्या डब्याकडे बघत राहिल्या, जणू तो कोणी हातात दिला ते आठवत होत्या.

मग शब्द गेले. मग माणसं जायला लागली. मुलीचा फोन ठेवून "कोण होती ती बाई?" असं विचारू लागल्या. आणि मग त्या घराबाहेर पडू लागल्या. दादा मागच्या शेडमध्ये वेल्डिंग करत असायचे, तोंडासमोर काळी काच, कानात आवाज, आणि वहिनी फाटक उघडून निघून जायच्या. आधी गल्लीतल्या गल्लीत, लोकांच्या कड्या तपासत. एकदा मात्र त्या पोस्टमनला समुद्राकडच्या खडकांवर सापडल्या. भरतीचं पाणी पायांना लागत होतं. "पुढचं फाटक कुठे आहे हो?" असं त्यांनी त्याला विचारलं.

मुलगी शहरातून धावत आली. आईसारखीच ठसठशीत, बोलायला तशीच सडेतोड.

"बाबा, फाटकाला कुलूप लावा. नाहीतर आईला मी नेते. आमच्याकडे अशा माणसांसाठी चांगलं ठिकाण आहे, कोणीतरी सतत जवळ असतं."

"तिथे तिला कोण ओळखतं?"

"इथे ती कोणाला ओळखते?"

दादा फाटकाशी गेले, कडी दोनदा वरखाली करून पाहिली. मग म्हणाले, "कडी बदलतो. तिला उघडता येणार नाही अशी करतो. जरा सवड दे मला."

ते शेडमध्ये जाऊन बसले. दाबून सरकवायची कडी केली, उचलून फिरवायची केली, आतल्या अंगाला खिट्टी असलेली केली. एकेक अशी, की मला दोन्ही हात लावूनही उमगत नव्हती. दादा ती बसवायचे. वहिनी यायच्या, जराशा चाचपायच्या, आणि कोपर लावायच्या. खट्.

"उघडली हो ताई!" दादा एकदा रस्त्यापलीकडून मला म्हणाले, आणि त्या सुरात काळजीइतकाच अभिमान होता. मग कुंपणाला टेकून खाली बसले. "मला वेगळी कडी येतच नाही. हाताला तेच वळण पडलंय. कितीही ठरवलं तरी कुठेतरी कोपराला जागा राहतेच."

शेवटी त्यांनी कुलूप लावलं. वहिनी आल्या, कोपर लावलं, मग हात लावले, मग फाटक गदागदा हलवायला लागल्या. "मला का कोंडलंय? अहो, कोणी आहे का? मी काय केलंय?" नखं तुटून बोटांतून रक्त आलं. दादा धावत गेले, तर त्या त्यांनाच म्हणाल्या, "तुम्ही कोण? आमच्या ह्यांना बोलवा. ते फाटकांचंच काम करतात, ते उघडतील." दादांनी किल्लीला हातही लावला नाही. त्यांनी कापायचं मशीन आणून कुलूप कापलं. पुन्हा लावलं नाही.

"मग मी महिनाअखेरीला गाडी घेऊन येते," मुलीने फोनवर सांगितलं.

त्याच दिवसांत एक वादळ येऊन गेलं. दादा शाळेचं पडलेलं कुंपण उभं करायला गेले होते. वहिनींजवळ बसवलेल्या शेजारच्या बाईचा डोळा लागला. दादा परत आले ते लांबूनच घराचं उघडं दार बघून पळत सुटले, आणि फाटकाशी येऊन थबकले. वाऱ्याने वरच्या बिजागरीचा बोल्ट सैल होऊन फाटक एका अंगाला खाली बसलं होतं. वहिनी तिथेच होत्या. लोंबणारं टोक दोन्ही हातांनी उचलून धरून उभ्या.

"कोणी बसवलंय हे?" त्यांनी दादांवरच तोफ डागली. "जमिनीला घासतंय! लाज नाही वाटत असलं काम करायला? मिस्त्री ना तुम्ही?"

"हो बाई," दादा म्हणाले.

"राहू द्या, तुमच्याच्याने नाही व्हायचं. आमचे हे येतीलच आता."

दादांनी सवयीने पाना काढला, बोल्ट आवळला, फाटक सरळ केलं. वहिनींनी ते हलवून पाहिलं, "पास" म्हणाल्या, कोपराने उघडलं आणि चालू लागल्या.

दादांनी त्यांना हाताला धरून घरात नेलं. मग एकटे फाटकाशी आले. आणि त्यांनी नुकताच आवळलेला बोल्ट पुन्हा सैल केला. फाटक खाली बसलं. आयुष्यभर ज्या माणसाने दुसऱ्याचं वाकडं फाटक सरळ केल्याशिवाय पुढे पाऊल टाकलं नाही, त्याने स्वतःचं फाटक स्वतःच्या हाताने बिघडवलं, आणि पाना खिशात टाकून तो आत गेला.

तेव्हापासून वहिनी दुपारी फाटकाशी जायच्या, ते घासतंय हे बघायच्या, आणि तिथेच थांबायच्या. बाहेर पाऊल नाही. दमल्या की खाली दगडाचा टेकू देऊन शेजारी बसायच्या. दादांनी तिथे एक स्टूल आणून ठेवलं.

"मिस्त्री, आले का हो आमचे हे?"

"निघालेत बाई. वाटेत एक काम लागलं."

"त्यांचं असंच. लोकांची फाटकं आधी, घरचं मागून."

"चहा घ्या तोवर."

"तुम्ही माणूस चांगले आहात. काम तेवढं शिकून घ्या."

मी मोठमोठ्या नटांबरोबर उभी राहिले आहे. पण समोरच्याला जराही शंका येऊ न देता रोज नव्याने तीच भूमिका करणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आम्ही प्रयोग संपल्यावर रंग पुसून घरी तरी जायचो. त्यांचं घरच ते होतं.

गावाला यातलं काय कळणार? "फाटकदादांचंच फाटक घासतंय," म्हणून चहाच्या टपरीवर लोक हसायचे. विश्रामगृहाच्या कुंपणाचं काम ठरवायला आलेला मुकादम ते फाटक खरवडत ओढून आत आला, इकडचं तिकडचं बोलला, "आता आराम करा दादा" म्हणाला आणि काम दुसऱ्या कोणाला दिलं.

"सांगून टाका ना लोकांना," मी चिडून म्हणाले.

"काय सांगू ताई? बायकोला रोज फसवतो म्हणून?"

महिनाअखेरीला मुलगी आली. फाटक घासल्याचा आवाज ऐकूनच तिचा चेहरा पडला.

"बाबा, आता हेही होत नाही तुमच्याने? मग आईला कसे सांभाळणार?" पर्स ओट्यावर टाकून तिने पाना उचलला. लहानपणापासून तिचाही हात त्याच कामाला सरावलेला.

"हात लावू नकोस त्याला."

"का पण?"

"थांब. बघ जरा."

वहिनी घरातून आल्या. फाटकाकडे बघून त्यांनी कपाळाला हात लावला, टोक उचलून धरलं, आणि मुलीला म्हणाल्या, "बाई, जरा हात देता का? जड आहे."

मुलीने दोन्ही हातांनी धरलं. दोघी समोरासमोर उभ्या.

"आमचे हे येतीलच," वहिनी तिला सांगू लागल्या. "माझी एक मुलगी आहे. तीही असंच धरायची. दमली तरी सोडायची नाही. फार गुणी."

मुलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. गाडी आली तशी वहिनींना न घेता परत गेली.

तो सगळा थंडीचा काळ त्या फाटकाने निभावून नेला. वारा बदलला, उन्हं तापली, वहिनी तिथेच बसत होत्या. मग एका दुपारी त्या आल्या आणि थांबल्या नाहीत. फाटक ओढलं, ते जमिनीवर किंचाळत उघडलं, आणि त्या बाहेर पडल्या. आवाज ऐकू आला नसेल असं नाही. त्या आवाजाशी आपलं काही देणंघेणं होतं, हेच त्यांच्यातून निघून गेलं होतं.

दादा अंगणात चहाचा कप घेऊन उभे होते. त्यांनी तो हळूच स्टुलावर ठेवला. हाक मारली नाही, हात धरला नाही. मागून गेले आणि त्यांच्या शेजारून चालू लागले.

"तुम्ही कुठे निघालात?" वहिनींनी विचारलं.

"तुम्ही जाल तिकडे."

"लांब आहे हो."

"असू दे."

"काम नाही का तुम्हाला मिस्त्री?"

"संपलं बाई."

त्यानंतर दादांनी कोणाचं काम घेतलं नाही. वहिनींच्या पायांत बळ होतं तोवर ते रोज त्यांच्याबरोबर गेले. खडकांच्या अलीकडे गोडीगुलाबीने वळवून आणायचे. कधी त्या ऐकायच्या, कधी तिथेच वाळूत बसून लहान मुलासारख्या रडायच्या, आणि दादा वाऱ्याकडे पाठ करून त्यांना आडोसा देत उभे राहायचे. वाटेत त्या रोज विचारायच्या, तुम्ही कोण, आणि ते रोज सांगायचे, मिस्त्री.

पुढे त्या अंथरुणाला खिळल्या. मी भेटायला गेले, तर दादा त्यांच्या उशाशी बसले होते. वहिनींची नजर त्यांच्यावरून छताकडे गेली, छतावरून माझ्याकडे आली, कुठेच टेकली नाही.

"आता विचारत नाही ती," दादा म्हणाले. "मिस्त्री म्हणून तरी ओळखत होती, ताई."