नंदूदादाचं आकाशातलं जहाज

दुकानात माल साठतो, आमच्याकडे किस्से साठले! आमचा धंदा जाहिरातीचे मोठमोठे फुगे आकाशात सोडायचा. पावसाळ्यात काम नसतं. मग रेवसच्या जेट्टीजवळच्या टपरीवर चहा घेत बसायचं आणि घडलेलं पुन्हा पुन्हा सांगायचं. आता सांगताना हसू येतं. घडत होतं तेव्हा मात्र आमची पाचावर धारण बसली होती!

आम्ही तिघं. मालक नंदूदादा म्हात्रे, फुग्यात हेलियम भरणारे दिघीचे सलीमभाई आणि दोर धरणारा मी. नंदूदादाला वेड एकच. जुन्या काळी माणसं घेऊन समुद्र ओलांडायच्या, त्या अवाढव्य एअरशिप! "अरे, आपल्या लाँचेस एकीमागे एक लावल्या तरी पुरणार नाहीत, एवढं लांब जहाज. आणि ते हवेत तरंगायचं!" हे सांगताना त्याचे डोळे भरून यायचे. मरायच्या आधी एकदा तरी तसं तरंगायचं, एवढंच त्याला हवं होतं.

अडचण एकच होती. त्याची बायको, सुरेखावहिनी!

"मी जिती हाय तवर तुमी जमिनीवरच," त्यांनी एकदा सांगून टाकलं. त्यांच्यापुढे बोलायची नंदूदादाची टाप नव्हती.

*

एकदा गोडाऊनमध्ये फुगा भरताना नंदूदादाने सांगितलं, की त्या जर्मन जहाजांच्या पोटात हायड्रोजन भरलेला असायचा. ठिणगी पडली की खेळ खलास! आणि त्यातल्या एका जहाजात सिगारेट ओढायची वेगळी खोली होती!

मी म्हटलं, "थापा मारू नकोस."

"खरंच रे! वर सगळा हायड्रोजन आणि खाली साहेब लोक धूर काढतायत! पुढे ते जहाज उतरता उतरता पेटलं. त्या खोलीमुळे नाही, पण पेटलं."

सलीमभाई सिलिंडरवर बसले होते, ते ताडकन उभे राहिले. "या अल्लाह!" त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, मेलेल्यांचं वाईट वाटलं असणार.

मग म्हणाले, "हायड्रोजनखाली सिगारेट चालते. आन हेलियम तर पेटत पन न्हाय. मग इतकी वर्षं माझी बिडी का बंद केलीस रे?"

*

माणगावच्या एका गणेशोत्सव मंडळाने नंदूदादाला भाषणाला बोलावलं. विषय होता 'आकाशातील जहाजे'. मंडप भरला होता, पुढच्या रांगेत आज्या बसलेल्या. सुरुवात झकास झाली. त्या जहाजात पियानो होता म्हटल्यावर टाळ्यासुद्धा पडल्या!

मग नंदूदादा रंगात आला. "आता तुम्ही विचाराल, एवढा वायू गळू नये म्हणून पिशव्या कशाच्या करायचे? तर गाईच्या आतड्यांच्या! एका जहाजाला हजारो गाई लागायच्या!"

अध्यक्षांच्या हातातला पाण्याचा ग्लास तोंडाजवळ तसाच राहिला. एका आजीने कानावर पदर घेतला. मी खालून हातवारे करून दमलो, पण हा थांबेना! आतडी भिजवायची कशी, खरवडायची कशी, एकावर एक चिकटवायची कशी, सगळं सविस्तर.

शेवटी सेक्रेटरीने धावत येऊन माइक हिसकावला आणि घाबरून जे पाठ होतं तेच बोलून गेला, "महाप्रसाद तयार आहे, कोणीही जेवल्याशिवाय जाऊ नये!"

दोन मिनिटांत मंडप रिकामा! परतीच्या वाटेवर मी रागाने धुमसत होतो. नंदूदादा मात्र हळहळत होता, "वेळ कमी पडला रे. आतडी धुवायचं राहिलंच."

*

दिघीला प्लॉटच्या जाहिरातीचा फुगा लावला होता. चांगला टेम्पोएवढा, एअरशिपच्या आकाराचा. दुपारी वारा सुटला, दोर तुटला आणि आमच्या डोळ्यांदेखत फुगा खाडीवर! कुणाच्या अंगावर पडला तर?

थोड्या वेळाने नंदूदादाचा फोन वाजला. फुग्यावर आमचा नंबर छापलेला होता. पलीकडे आगरदांड्याच्या फेरीबोटीवरचा माणूस होता. आवाज एकदम शांत.

"तुमचा फुगा आमच्या बोटीत बसलाय. तिकीट टू-व्हीलरचं लावू का फोर-व्हीलरचं?"

*

एक गोष्ट सांगताना नंदूदादा हसायचा नाही. इंग्रजांनी हिंदुस्थानात यायला एक भलं मोठं जहाज बांधलं. ते ठेवायला कराचीला डोंगराएवढी शेड उभी केली. जहाज विलायतेहून निघालं आणि फ्रान्समध्येच पडून जळालं. आतली बहुतेक माणसं गेली. "आणि इकडे शेड वाट बघत उभी रे!" असं म्हणून हा माणूस चक्क रडायचा.

म्हणूनच त्याने स्वतःचं जहाज करायला घेतलं तेव्हा आधी शेतात शेड बांधली. बांबू, ताडपत्री, सगळं मजबूत. शेडच्या आतच कापड जोडलं, सलीमभाईंनी हेलियम भरला. जहाज फुगलं, डोललं, छताला टेकलं. आम्ही थक्क! खाली माणूस बसेल असा पट्ट्यांचा पाळणा होता. तो कुणासाठी, हे सगळ्यांना कळत होतं.

मग आम्ही ते बाहेर काढायला गेलो. जाईना! दार लहान होतं, आणि ते मोजायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

वहिनी दारात येऊन बघत राहिल्या. म्हणाल्या, "कराचीला शेड व्हती, जहाज न्हवतं. आमच्याकडं दोनी हाय, दार न्हाय!"

*

शेवटी शेडची एक भिंत कापली. वहिनींनी अट घातली, "रिकामं उडवा. मानूस बसवायचा न्हाय." नंदूदादाने मान खाली घालून कबूल केलं. पाळण्यात वाळूच्या गोण्या ठेवल्या. मधला जाड दोर टेम्पोला बांधला, बाजूचे दोर आम्ही आणि गावातल्या काही जणांनी धरले.

त्याआधी नंदूदादाने आम्हाला बजावलं होतं, "पाय जमिनीवरून सुटला की त्याच क्षणी दोर सोडायचा! ज्यांनी नाही सोडला ते वर जाऊन पडून मेलेत." वहिनी तेव्हा आत चहा करत होत्या.

त्या चहाची किटली घेऊन आल्या आणि समुद्राकडून वारा आला! जहाज तिरकं झालं, गोण्या धपाधप खाली पडल्या. आमचे पाय सुटले, आम्ही दोर सोडले. वहिनी खलाशाची मुलगी. दोर सुटताना दिसला, की पकडायचा, एवढंच लहानपणापासून शिकलेल्या. किटली टाकली, दोर पकडला, मनगटाला वेढा दिला आणि गेल्या वर! माडाच्या शेंड्याएवढ्या वर, साडी शिडासारखी फुगलेली!

अर्धे ओरडतायत, "सोडा! सोडा!" अर्धे ओरडतायत, "धरा! सोडू नका!" सलीमभाईंनी डोळे मिटून घेतले.

वरून वहिनींचा आवाज आला, "आधी ठरवा रं मेल्यानू! सोडू का धरू?"

टेम्पोचा दोर ताठ झाला. आम्ही सगळे त्याच्यावर तुटून पडलो आणि ओढत ओढत जहाज खाली आणलं. वहिनी शेताच्या चिखलात बसल्या. नंदूदादा धावत गेला, गुडघ्यांवर पडला, त्यांचा सोललेला हात हातात घेऊन हमसाहमशी रडायला लागला. "चुकलं माझं. फाडून टाकतो मी ते. आत्ता फाडतो!"

वहिनी वर डोलणाऱ्या जहाजाकडे बराच वेळ बघत राहिल्या. केस विस्कटलेले, अंगभर चिखल.

मग पदर झटकत उठल्या आणि म्हणाल्या, "फाडताय कशाला? उद्या तुमी जावा. फकस्त साडी नेसून जाऊ नका!"