दुमडबाईंनी घर निवडलं

माझ्या सख्ख्या बहिणीनं मला नववीत दोन मार्कांनी नापास केलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी तिच्याबद्दल तिरकं बोललो तर का बोलतोय ते कळेल. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आमच्याच शाळेत गणिताची नवी बाई म्हणून लागली आणि पहिल्याच वर्षी हात साफ केला तो माझ्यावर. तेहतीस! आई म्हणाली, "अगं, पाठचा भाऊ आहे तुझा. दोन मार्क दिले असतेस तर काय आभाळ कोसळणार होतं?" ताईचं उत्तर एकच. "रीत लिहिलेली नाही. रीत नाही तर मार्क नाहीत." त्यावर साक्षात ब्रह्मदेव रदबदलीला आला असता तरी चौतिसावा मार्क मिळाला नसता.

मुलं तिला दुमडबाई म्हणायची. पेपरांचा गठ्ठा आला की आधी प्रत्येक पेपरचा नावाचा कोपरा आत दुमडायचा, त्याला टाचणी लावायची आणि मगच लाल पेन उघडायचं. नाव दिसलं की हात सैल तरी सुटतो नाहीतर आखडतो, असं तिचं म्हणणं. सगळे पेपर तपासून, दोनदा बेरीज करून मग टाचण्या काढायच्या. माझी टाचणी काढली तेव्हा तिला काय वाटलं, हे मी चोवीस वर्षांत विचारलं नाही. रागच तेवढा होता. नववी पुन्हा केली, दहावी कशीबशी ढकलली आणि वायरमन झालो. चांगला वायरमन आहे मी, ते जाऊ द्या.

भावोजी गेले आणि दोन वर्षांत ताईच्या शाळेतले वर्ग पटापट कमी झाले. नोकरी गेली. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी ती परदेशात एका शाळेत शिकवायला गेली आणि तिची पोर, म्हणजे माझी भाची, आमच्याकडे राहिली. "पुढच्या वर्षी तुला घेऊन जाते," असं सांगून गेली. पोरगीनं त्याच आठवड्यात बॅग भरून कॉटखाली सरकवली. माझी बायको म्हणायची, अगं, एवढ्यात कशाला? तर म्हणे, नंतर घाई नको.

तिकडे ताईपुढे दोन रस्ते होते. एक, शाळेच्या मागचं शिक्षकांचं वसतिगृह. एक खोली, एक पलंग, स्वयंपाकघर चौघींत. फुकट, पण घरच्यांना बंदी. दुसरा, बाहेर स्वतः घर बघायचं. तिथल्या विज्ञानाच्या सरांनी तिला बजावलं होतं, "बाई, घर घ्या, पण शाळेपासून लांब. पालकांच्या वाऱ्यालासुद्धा राहू नका." ऐकेल ती ताई कसली! पोरीला एकटीनं चालत शाळेत जाता यायला हवं, एवढंच तिच्या डोक्यात. तिनं हातात घड्याळ धरून घर ते शाळा चालून पाहिलं. नऊ मिनिटं, एकच सिग्नल. दोन खोल्या, खाली घरमालकिणीची लाँड्री, जिन्यात दिवसभर इस्त्रीची ऊब. घरमालकीण एकटी बाई, एक मुलगी. मुलगी ताईच्याच वर्गात.

मला फोनवर कळलं तेव्हा मी तर टाळीच वाजवली. म्हटलं, घरमालकाची पोर आपल्या हाताखाली, म्हणजे अर्धी लढाई जिंकलीच की! काय अक्कल माझी.

बाई भली होती, हे कबूल करायला हवं. तिनं ताईला टेबल दिलं, पडदे शिवून दिले, भाचीसाठी पलंगसुद्धा आणून टाकला. तिची पोर रोज संध्याकाळी वही घेऊन वर यायची आणि ताई त्याच टेबलावर तिला गणित शिकवायची. आता भाचीला तिकडे न्यायचं तर घरमालकाच्या सहीचा कागद लागत होता, की या घरात दोन माणसं राहू शकतात. तो महिनाअखेरीच्या आत द्यायचा, नाहीतर सरळ पुढच्या वर्षी. दुसरं घर धरावं, तर तिथं सहा महिने राहिल्याशिवाय तो कागद चालायचा नाही. घरमालकीण म्हणाली होती, "परीक्षेचा निकाल लागला की निवांत सही करते." साधं बोलली होती बिचारी. तिनं काही मागितलंच नव्हतं. मागितलं असतं तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

एका रविवारी दुपारी ताईचा फोन आला. आवाज ओढलेला.

"लहान्या, कोपरा दुमडला होता रे. पण पहिल्याच गणिताला कळलं."

"काय कळलं?"

"खालचीचा पेपर आहे. उत्तराभोवती चौकट काढते ती. मीच शिकवलंय."

छत्तीस मार्क होते. तिकडे पासाला चाळीस. आणि गणितात नापास झालं की त्या शाळेतून नाव कमी, लांबच्या दुसऱ्या शाळेत रवानगी. चार मार्कांचं एक गणित होतं, त्याचं उत्तर बरोबर होतं, चौकटीसकट. वर एक ओळ नाही.

मी म्हटलं, "देवच पावला की! दे चार मार्क."

"रीत नाही."

"ताई, खड्ड्यात गेली तुझी रीत! नाहीतर दुसऱ्या कुणाकडे दे तो पेपर."

"दुसऱ्याकडे दिला म्हणून रीत कुठून येणार? उत्तर काय आकाशातून पडलं?"

हे वाक्य ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "तुझ्या पोरीला काय सांगू मी? ती बॅग भरून बसलीये!" ती म्हणाली, "तूच सांग. माझ्याच्यानं नाही व्हायचं." ती रडत होती, मला ऐकू येत होतं, तरी मी थांबलो नाही. "तुला कागद कळतो, माणूस कळत नाही," म्हटलं. "पाठचा भाऊ असो नाहीतर पोटची पोर." आणि फोन आपटला.

तिनं छत्तीसच ठेवले. निकालाच्या दिवशी घरमालकीण वर आली, तो सहीचा कागद कोराच टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "बाई, तुमची मुलगी इथं येणार आणि माझी इथून जाणार. कोणत्या हातानं सही करू?" घर सोडा असं काही ती म्हणाली नाही, पण जिन्यात कुणी कुणाशी बोलेना, आणि संध्याकाळी ते टेबल रिकामं दिसायचं. महिना संपला. पंधरा दिवसांनी ताईनं सामान उचललं आणि ज्या वसतिगृहात राहायचं नव्हतं तिथंच, एका पलंगाच्या खोलीत, राहायला गेली.

भाचीला मी सांगितलं. रडली नाही. एवढंच म्हणाली, "म्हणजे आईला माझ्यापेक्षा चार मार्क जास्त." मग आठ दिवस आईचा फोन आला की ती मोरीत जाऊन नळ सोडायची. मी मनात म्हणायचो, भोग आता. खोटं कशाला बोलू? थोडं बरंही वाटायचं.

नवव्या दिवशी संध्याकाळी मी मिक्सर उघडून बसलो होतो. भाची समोर येऊन बसली.

"मामा, तुलाही तिनं नापास केलं होतं ना?"

"दोन मार्कांनी."

"मग तू तिच्याशी कसा बोलतोस?"

पेचकस हातातच राहिला. चोवीस वर्षं मी ही कहाणी लग्नात, बारशात, चहाच्या टपरीवर सांगत आलो, लोकांना हसवत आलो, ताईला खाली मान घालायला लावत आलो. पण या पोरीच्या तोंडाकडे बघून मला ती सांगवेना.

"ते उत्तर माझं नव्हतं," मी म्हटलं. "शेजारच्या बाकावरच्याचं बघून लिहिलं होतं. म्हणून रीत नव्हती."

"आईला माहीत होतं?"

"शाळेच्या नळाजवळ मला एकट्याला गाठून तिनं विचारलं, उत्तर आकाशातून पडलं का? मी मान खाली घातली. कळलंच तिला."

"मग घरी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर वडिलांनी मला सोलून काढलं असतं. ती फक्त म्हणाली, रीत नाही. आई महिनाभर तिच्याशी बोलली नाही. तिनं ते सोसलं, पण माझं नाव घेतलं नाही. आणि मीही कधी खरं सांगितलं नाही."

भाची मिक्सरच्या वायरीशी खेळत राहिली. तेवढ्यात फोन वाजला, आणि या वेळी तिनंच तो उचलला.

"आई, जेवलीस का? ... खोलीला खिडकी आहे? ... हो, मामा आहे की इथेच. ... नाही गं, तुझ्याबद्दल काही नाही म्हणाला. मिक्सर उघडून बसलाय."

बोलताना माझ्याकडे बघत होती. आईचीच पोर, दुसरं काय! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोन तिच्या हातातून घेतला.

"ताई, माझे तेहतीसच बरोबर होते."

ती हळूच म्हणाली, "टाचणी काढायच्या आधीच कळलं होतं रे मला तुझा पेपर आहे म्हणून. तुझं अक्षर मीच नव्हतं का गिरवून घेतलं? त्या दिवशी लाल पेनानं तो आकडा लिहायला मला अर्धा तास लागला."

भाची उठून आत गेली होती. आतल्या खोलीत माझी बायको भाचीला सांगत होती, बॅगेतले कपडे काढून वापरायला घे, पुढच्या वर्षी ते तुला होणार नाहीत.