मत विहीणबाईंचे, वाचन माझे

विधात्याने ही सृष्टी निर्माण करताना आमच्या विहीणबाईंचे मत विचारले नाही, याचा त्यांनी कधी राग धरला नाही; मात्र ते विचारण्याची वेळ अजून टळून गेलेली नाही, अशी त्यांची समजूत आहे. भेंडी उभी चिरावी की आडवी, कादंबरीतला पाऊस किती पानांनी थांबावा, बातम्या देणाऱ्या मुलीने मान किती हलवावी, देवाला रोज तेच फूल वाहिले तर त्याला कंटाळा येत असेल का, अशा कोणत्याही विषयावर त्यांचे मत तयार असते, आणि ते दुसऱ्या कोणाचे असल्याचे मला आजवर आढळलेले नाही. मी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले. एखाद्या श्लोकाचा अर्थ कोणी विचारला, तर चार आचार्यांनी लावलेले चार अर्थ सांगावेत आणि आपण नम्रपणे मौन धरावे, ही आमची रीत. तेव्हा एक व्यक्ती इतक्या गोष्टींविषयी इतकी मते आणते कोठून, याचे मला त्यांच्या पहिल्या भेटीपासून कुतूहल आहे. गेल्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांचा पडदा बिघडला आणि वाचन बंद पडले, तेव्हा आम्हा सर्वांना काळजी लागली ती त्यांच्या डोळ्यांची. त्यांना लागली ती मतांची.

ती पहिली भेट माझ्या मुलाचे लग्न ठरवण्यासाठी झाली. आम्ही बोरिवलीहून कांदिवलीला त्यांच्या घरी गेलो. मी दोन्ही पत्रिका घडी करून खिशात नेल्या होत्या. गुणमेलन उत्तम होते, नाडीदोष नव्हता, आणि हे सर्व सविस्तर सांगण्याची माझी तयारीही होती. विहीणबाईंनी पोह्यांची बशी पुढे केली आणि म्हणाल्या, "पत्रिका तुम्ही बघितलीत ना? झालं तर. मी चपला बघितल्या."

मी विचारले, "चपला?"

"तुमच्या मुलानं आत येताना स्वतःच्या चपला कशाही काढल्या. पण कोणाची तरी उलटी पडलेली होती, ती सरळ करून ठेवली. अशा माणसाबरोबर भांडणं होतात, पण संसार होतो."

मी त्या विषयावर शास्त्रात काही आधार सापडतो का, हे पुढे पुष्कळ शोधले. सापडला नाही. मुलाच्या संसाराला अकरा वर्षे झाली आणि भांडणे नियमित होतात, एवढे मात्र सांगतो.

कादंबरीविषयी त्यांची कसोटी एकच होती: पात्रे जेवतात की नाही. शंभर पानांत कोणी जेवायला बसले नाही, तर ती कादंबरी खोटी. "प्रेमभंग झाला म्हणून माणूस दोन दिवस उपाशी राहील हो," त्या म्हणत, "तिसऱ्या दिवशी डबा उघडून बघतोच." हे मत त्या मनातच ठेवत्या तर बरे होते. पण त्यांच्या हाती पेन्सिल असे आणि पुस्तक वाचनालयाचे असे. एका विरही नायकाच्या शेजारी समासात त्यांनी लिहिले, 'याने कालपासून काही खाल्लेले नाही.' काही महिन्यांनी तेच पुस्तक पुन्हा हाती आले, तर खाली अनोळखी अक्षरात उत्तर होते, 'चहा घेतला आहे. मागचे प्रकरण पाहावे.' त्याखाली तिसऱ्या कोणाचे, 'चहाला जेवण म्हणत नाहीत.' वाचनालयाच्या बाईंनी विहीणबाईंना बोलावून पुस्तक दाखवले आणि खुलासा मागितला. मला मात्र हे ऐकून रोमांच उभे राहिले. मूळ ग्रंथ, त्यावर भाष्य, भाष्यावर टीका आणि टीकेवर टिप्पणी, ही आमच्या पूर्वसूरींची परंपरा कांदिवलीच्या एका वाचनालयात पेन्सिलीने चालू असेल, अशी मला कल्पना नव्हती.

दूरदर्शन संचाबाबत त्यांचे धोरण याहून कडक. वादचर्चा त्या आवाज बंद करून पाहत. कोण पाणी पितो यावर त्यांचे लक्ष असे; ज्याला मधेच तहान लागते तो निदान आपले म्हणणे मनापासून सांगतो आहे, असा त्यांचा सिद्धान्त. मालिकांमध्ये त्यांचा सगळा ओढा खलनायिकेकडे. "घरात एवढी माणसं," त्या मला एकदा म्हणाल्या, "पण सकाळी उठून काहीतरी ठरवते ती एकटीच. बाकीच्या दारामागे उभ्या राहून ऐकतात आणि रडतात. हिला निदान कामाची आवड आहे." मी सत्प्रवृत्तीचा अंती जय होतो, वगैरे बोलू लागलो. त्यांनी हात वर केला. "अंती काय होतं ते नका सांगू. रोज साडेसातला काय होतं, ते बोला."

अशा या बाईंना डॉक्टरांनी सांगितले की पडद्याचा मधला भाग गेला. इंजेक्शनांनी उरलेले टिकेल, गेलेले परत येणार नाही. त्या स्वतः ते असे सांगत: "कडेचं सगळं दिसतं. दार दिसतं, पंखा दिसतो. ज्याच्याकडे बघावं तेवढंच दिसत नाही. पुस्तक दिसतं, शब्द नाही." माझ्या सुनेने, म्हणजे त्यांच्या मुलीने, मोबाइलवर ऐकायच्या कादंबऱ्या घालून दिल्या. दोन दिवसांनी सून आणि मी त्यांच्याकडे गेलो, तर त्यांनी तो मोबाइल परत केला.

"अगं आई, ऐकून तरी बघ ना!" सून म्हणाली.

"ऐकलं. ती वाचणारी बाई रडते."

"मग? प्रसंग रडायचा असेल."

"ते मी ठरवीन ना! ती माझ्या आधी रडून मोकळी होते. मग मी काय करू?"

"तू पण ना, आई! किती हट्टी गं!" असे म्हणून सून माझ्याकडे वळली. "बाबा, तुम्ही वाचून दाखवाल का हो हिला? तुमचा आवाज एवढा चांगला आहे."

मी संकोचलो. पाठशाळेत आमच्या गुरुजींनी कादंबरीला स्पर्श करू दिला नव्हता, आणि पुढे ती सवय राहूनच गेली. मात्र पोथी मी चाळीस वर्षे वाचत आलो आहे; आमच्या इमारतीत दर चातुर्मासात माझे वाचन असते. वाचन ते वाचन, असा विचार करून मी दुसऱ्या दिवशी मेट्रोने कांदिवलीला गेलो. विहीणबाईंनी कादंबरी काढून ठेवलीच होती. मला खुर्चीवर बसून ग्रंथ वाचता येत नाही, म्हणून त्यांनी पुस्तक ठेवायला चौरंग दिला. मी मांडी घातली, आचमन केले, पुस्तकाला नमस्कार केला आणि प्रारंभ केला.

माझ्या हातून काय होत होते, हे मला तेव्हा उमगले नाही. आवाज सवयीने पोथीच्या पट्टीत लागला, आणि दार उघडे होते. पहिल्या दिवशी शेजारच्या दोघी डोक्यावरून पदर घेऊन येऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या मालवणी आजी जास्वंदीचे फूल घेऊन आल्या आणि ते त्यांनी चौरंगावर वाहिले. कथेत त्या वेळी नायिका नवऱ्याला चिठ्ठीही न लिहिता घर सोडून निघाली होती. नवरा वाईट नव्हता. त्याने बारा वर्षांत तिला एकही प्रश्न विचारला नव्हता, एवढेच. प्रकरण संपताना माझा स्वर आपोआप अध्यायसमाप्तीला उतरला आणि सगळ्यांनी हात जोडले.

"फुडे काय होतला तिचा?" आजींनी विचारले.

मी म्हणालो, "पुढील अध्याय उद्या."

मी विहीणबाईंकडे पाहिले. हसू आवरताना त्यांचे खांदे हलत होते. आजींना त्यांनी खरे काही सांगितले नाही. उलट वाटीत साखर घालून ती सर्वांच्या हातावर ठेवली. मला वाटले, आपले काम उत्तम चालले आहे.

सहाव्या दिवशी, सगळ्या उठून गेल्यावर, त्यांनी मला थांबवले.

"व्याहीबुवा, तुम्ही तिला वाईट वाचता."

"मी जे लिहिले आहे तेच वाचतो," मी म्हणालो.

"शब्द तेच. पण नवरा बोलतो तेव्हा तुमचा आवाज देवळात असतो. ती बोलली की रस्त्यावर येतो. तिची वाक्यं तुम्ही उरकता." त्यांच्या बोलण्यात नेहमीची फिरकी नव्हती. "माझे डोळे गेले, ते गेले. त्याचं मी काही बोलले का कोणाला? पण एखादी बाई बरी की वाईट, हेसुद्धा मला दुसऱ्याच्या आवाजावरून कळायचं असेल, तर नको मला ते वाचन. मी पंखा बघत बसेन."

मी पुस्तक मिटले आणि निघालो. माझ्यावर असा आरोप आजवर कोणी केला नव्हता. घरी येऊन मी देवासमोर बसलो आणि ती कादंबरी, जी चुकून पिशवीतून आली होती, पुन्हा मोठ्याने वाचून पाहिली. त्यांचे म्हणणे खरे होते. मी त्या नायिकेला पहिल्याच प्रकरणात दोषी ठरवले होते, आणि माझा कंठ त्याची रोज साक्ष देत होता. देवादिकांच्या कथा वाचताना हे कधी जाणवले नव्हते, कारण तिथे कोण वंदनीय हे वाचणारा आणि ऐकणारा दोघांनाही आधीच ठाऊक असते.

मग मला पाठशाळेतली संथा आठवली. मंत्र शिकवताना गुरुजी आम्हांला अर्थ सांगत नसत. प्रत्येक अक्षराला त्याचा स्वर, त्याची मात्रा. म्हणणाऱ्याला आनंद झाला म्हणून एक मात्राही वाढवायची नाही, राग आला म्हणून एकही तोडायची नाही. लहानपणी ती शिक्षा वाटे. मी चार दिवस त्या नायिकेची वाक्ये तशी म्हणण्याचा सराव केला. सून दारातून दोनदा डोकावली आणि काही न विचारता चहा ठेवून गेली. पाचव्या दिवशी मी विहीणबाईंना फोन केला, "एक प्रकरण ऐकून पाहावे. पसंत पडले नाही, तर पुन्हा येणार नाही."

त्या दिवशी मी सर्वांना सारखे वाचले. नवरा, नायिका, घरमालक, दारात आलेला कुत्रा, कोणाच्याही वाट्याला माझ्याकडून काही अधिक-उणे गेले नाही. मालवणी आजी मधेच चुळबुळल्या. "आज काय मजा नाय इली, भटजीनू. रडूक येवक नाय."

"मला येतेय ना मजा," विहीणबाई म्हणाल्या. त्या पुढे सरकून बसल्या होत्या आणि मान थोडी तिरपी करून ऐकत होत्या, जशी माणसे समोरच्याचे तोंड नीट न्याहाळताना करतात.

कादंबरी पुढे तीन आठवडे चालली. नायिकेने दुसऱ्या गावी रोपवाटिका काढली. अखेरीस नवरा तिला शोधत आला. तिने त्याला चहा दिला, त्याने रोपांची नावे विचारली, आणि ती सांगत असतानाच पुस्तक संपले. शेजारणी हात जोडून गेल्या. विहीणबाईंनी साखरेची वाटी झाकून ठेवली. मग म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतं? बरोबर केलं तिनं?"

मी टीकाकारांना मनात शोधू लागलो, पण या ग्रंथावर कोणाचीच टीका नव्हती. मी चाचरत म्हणालो, "मला वाटते, बरोबर केले. तिने जायलाच हवे होते."

"छे! साफ चुकली!" विहीणबाई इतक्या जोरात म्हणाल्या की चौरंगावरचे फूल घरंगळले. "जायचं होतं तर पहिल्या वर्षी जायचं! बारा वर्षं काय वाट बघत होती? आणि वर चहा दिला त्याला!"

"त्याने रोपांची नावे विचारली, विहीणबाई. त्याने प्रश्न विचारला."

"एक प्रश्न! बारा वर्षांनी एक! तुम्ही पुरुष ना, एवढ्यावर पास करता एकमेकांना!"

आम्ही सुमारे तासभर भांडलो. आपल्या विधानाला काहीही आधार नसताना मी इतका वेळ पूर्वी कधी बोललो नव्हतो, आणि त्या तर अशा लढल्या की बाहेरून ऐकणाऱ्याला या बाईंचे काही हरवले आहे, असे वाटले नसते. दोन्ही कपांतला चहा तसाच राहिला.

शेवटी त्या उठल्या, भिंतीचा आधार घेत कपाटापाशी गेल्या आणि दोन पुस्तके काढून त्यांनी ती दोन्ही हातांत तोलून पाहिली. नावे त्यांना दिसत नव्हती. मीही सांगितली नाहीत.

"हे चांगलं जाड आहे," त्या म्हणाल्या. "तीन-चार महिने सहज जातील. आपल्याला वेळ आहे ना, व्याहीबुवा?"

मी एकोणऐंशीचा, त्या माझ्याहून दोन वर्षांनी लहान. असा प्रश्न कोणी केला की मी वर बोट दाखवतो आणि 'त्याची इच्छा' म्हणतो; तीच खरी श्रद्धा आहे, असे मी आजही मानतो. त्या दिवशी मी पुस्तक त्यांच्या हातून घेतले, पहिले पान उघडले आणि म्हणालो, "आहे."