विकतचं मटण

घर सोडलं त्या सकाळी मला एसटीत बसवायला फक्त माय आली होती. आबा, बाप असून, मेंढरांपाशी पाठमोरे उभे होते. आदल्या दिवशी बिरोबाच्या पंगतीत मी ताट बाजूला सारलं होतं आणि त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. गाडी पैठणहून निघेपर्यंत माय खिडकीची दांडी धरून होती. "येत जाय. त्येंच्याकडं नको बघू," एवढंच म्हणाली.

भानुदास, तू माझ्या पाठचा भाऊ. मेंढरं तूच राखलीस, म्हाताऱ्यांना तूच सांभाळलंस. परवा फोनवर तू विचारलंस, की एक घास खाल्ला असता तर तुझ्या प्रभूचं काय बिघडलं असतं? फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहितो.

पैठणच्या कंपनीतल्या एका मित्रानं मला प्रार्थनेला नेलं तेव्हा मी पक्का पिणारा होतो. तिथं जायला लागलो आणि दारू सुटली. आबा खूश होते. देव कुणाचा का असेना, पोरगं शुद्धीवर आलं, असं गावभर सांगायचे. बिनसलं ते बकऱ्यावरून. दिवाळीनंतर कळप चरायला बाहेर काढण्याआधी बिरोबाला बकरं द्यायचं आणि घरच्या सगळ्या पुरुषांनी एका पंगतीत ते खायचं, हा आपला रिवाज. एकानं जरी मांडलेलं ताट नाकारलं तरी देव कळपावर कोपतो. आणि मी तर दुसऱ्या देवाला वाहिलेलं खाणार नाही, असा शब्द बाप्तिस्म्याच्या वेळी देऊन बसलो होतो. आबांना कळपाची भीती, मला शब्द मोडण्याची.

मग संभाजीनगर. वाळूजला खोली, कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीची ड्युटी, रविवारी उपासना. तिथं लोक उभं राहून साक्ष देतात. आज्ञा पाळली, नोकरी पर्मनंट झाली. आज्ञा पाळली, लेकरू झालं. मी इमानदारीत टाळ्या वाजवतो. पास्टर म्हणतात, आज्ञापालनाचं फळ मिळतंच, फक्त धीर धरा. मी एकच मागत आलो, आबांनी माझ्याशी बोलावं. गुडघे दुखेपर्यंत मागितलं. आबा काही बोलले नाहीत.

तरी दर वर्षी पंगतीच्या दिवशी मी गावाकडे यायचो, कारण माय बोलवायची. त्या दिवशी ती पैठणच्या बाजारातून मटण आणायची. मेंढरं राखणाऱ्या घरात विकतचं मटण! बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. ती घरामागं दगड मांडून वेगळ्या पातेल्यात ते शिजवायची आणि वाढताना सांगायची, "खा बाबा, ह्ये कुन्या देवाचं नाय." मी डोळे मिटून प्रार्थना करायचो, तोवर भाकरी हातात धरून थांबायची. पंगतीत माझं ताट मांडतच नसत. आबांना सगळं दिसायचं, पण त्यांनी कधी ते पातेलं उलथवलं नाही. फळ म्हणायचं तर मला तेवढंच मिळालं.

माय गेल्यावरची ही पहिली पंगत. तू शेजारीच होतास, तू पाहिलंस. आबांनी मला हाक मारली. इतक्या वर्षांनी, नाव घेऊन. आपल्याजवळ बसवलं आणि स्वतःच्या हातानं वाढलं.

"तुझी माय गेली. आता येगळं शिजविनारं कोनी नाय. जेव."

रागानं नाही बोलले रे. विनवल्यासारखे बोलले. जे मागत होतो ते अखेर मिळालं, आणि ते त्या ताटासकट मिळालं. मला खायचं होतं, भानुदास. माझा हात ताटाला लागला होता. पण दारूच्या दिवसांत मी मायला दिलेला एकूण एक शब्द मोडला आहे. आयुष्यात पाळलेला हा एकच. तो मोडला तर मी पुन्हा तोच माणूस होईन, याची मला फार भीती वाटते. मी हात जोडले आणि उठलो.

पुढचं तुला ठाऊक आहे. आबांनी माझं ताट आपल्याकडे ओढलं आणि माझ्या वाट्याचं जेवायला लागले, ते ताट देवासमोर तसंच राहू नये म्हणून. घास गिळवत नव्हता, डोळ्यांतून पाणी गळत होतं, तरी थांबले नाहीत.

रविवारी पास्टरांनी साक्षीला उभं राहायला सांगितलं. मी बसूनच राहिलो. आज्ञा पाळली, इथपर्यंत मला सांगता येतं. त्यापुढे सांगायला काही नाही. मला फळाची आशाही आता उरलेली नाही; आज्ञा मात्र पाळीन.

इथं वाळूजला मला कुणी घर कुठलं विचारलं, तर अजून आपल्या गावाचंच नाव तोंडात येतं. पण पुढच्या वर्षी मी येणार नाही. माझं ताट मांडू नकोस. आबांना या वयात दोघांचं जेवण जात नाही.