लॅक्टोमीटर एकदाच

भानुदासने त्याच किटलीत पाचव्यांदा लॅक्टोमीटर सोडला. रांग रस्त्यापर्यंत गेली होती आणि दुधाचा टेम्पो हॉर्न वाजवत होता. दूध संस्थेचे चेअरमन माझ्याकडे वळले.

"बाई, हा आठवडा बघतो. मग दुसरा माणूस ठेवतो."

नव्वदच्या दशकातलं, सोनईजवळच्या गावातलं हे दूध संकलन केंद्र. मी नगरची समुपदेशक, भानुदासचं काम प्रत्यक्ष बघायला त्या दिवशी इथे आले होते. लॅक्टोमीटर म्हणजे दुधात पाणी आहे का ते दाखवणारी काचेची नळी. सोडायची, आकडा वाचायचा, संपलं. भानुदासला मात्र वाटायचं, आपला आकडा चुकला तर कुणा गरिबावर पाणी घातल्याचा आळ येईल. अशी शंका शमवायला माणूस तीच कृती पुन्हा पुन्हा करतो, त्याला आम्ही ओसीडी म्हणतो. गाव म्हणायचं, डोकं फिरलंय.

दोन महिने तो दर गुरुवारी एसटीने माझ्याकडे येत होता. मोकळं बोलायचा, कधी रडायचा. निघताना हमखास विचारायचा, "बाई, आज बरोबरच वाचलं आसंल ना मी?"

"हो हो, बरोबरच," मी म्हणायचे. तो खुशीत जायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

ती पाचवी बुडी पाहिली आणि माझी ट्यूब पेटली. माझं 'हो' ही त्याची आणखी एक तपासणीच होती! रोग मीच पोसत होते. फार लाज वाटली.

मी त्याला बाजूला घेतलं. "माझं चुकलं. उद्यापासून लॅक्टोमीटर एकदाच. विचारलंत तर मी सांगणार नाही."

"मग माझं कसं व्हायचं, बाई?"

"छाती धडधडेल. मग आपोआप उतरेल. तोवर मी इथेच उभी आहे."

पहिल्या सकाळी त्याने मला अकरा वेळा विचारलं. अकराही वेळा मी म्हटलं, "माहीत नाही." तो घामाने भिजला, पण पळाला नाही. परक्याने हे सांगितलं असतं तर त्याने उभंही केलं नसतं. दोन महिन्यांचे गुरुवार तिथे कामाला आले.

सहाव्या सकाळी चेअरमन मुद्दामच म्हणाले, "भानुदास, नक्की बरोबर वाचलंस ना?"

त्याचा हात लॅक्टोमीटरकडे गेला. हात मागे आला.

"नक्की म्हायती न्हाई, साहेब. एकदा वाचलं, तेवढं लिव्हलं. चला, पुढची किटली आना!"

टेम्पो वेळेवर सुटला. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. दुसऱ्या माणसाचा विषय चेअरमननी पुन्हा काढला नाही.

आता पेशंट "सगळं ठीक होईल ना?" म्हणाला, की मी 'हो' म्हणायची घाई करत नाही. फक्त उठून जात नाही.