मान हलवायचा अधिकार

"मान हलवायचा अधिकार तुला आहे. मात्र मग चेंडूही तुझाच."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते बहारीनमध्ये, जिदहफ्समधल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टसमोर. लिफ्ट बंद होती. चौथ्या मजल्यावरच्या वहिनी भाजीच्या पिशव्या बाजूला ठेवून उकिडव्या बसल्या होत्या. टाचा किंचित उचललेल्या, पाठ ताठ, नजर समोर. पुढ्यात उभ्या असलेल्या आपल्या मुलीला त्या दोन्ही गुडघ्यांच्या मधून दोन बोटं दाखवत होत्या. मुलगी, केतकी, तेव्हा चौदा वर्षांची असेल. तिने मान हलवली. वहिनींनी वरचं वाक्य उच्चारलं. केतकीने सुस्कारा सोडला, दोन पिशव्या उचलल्या आणि जिना चढू लागली.

मी तेव्हा नुकताच तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो होतो. ईसा टाउनच्या एका शाळेत ग्रंथपालाची नोकरी, एकट्याचा संसार, बोलण्याची फारशी सवय नाही. बाईंना गुडघेदुखी असावी आणि मुलीला मानेचा काही त्रास, असा मी आपला अंदाज बांधला.

खरं काय ते कळायला पुढचा शुक्रवार, इथला सुट्टीचा दिवस, यावा लागला. पहाटे पावणेसहाच्या सुमारास छतातून "खलास! गेला तो, खलास!" असा बाईचा आवाज आला. मी घाबरून वर गेलो. दार वहिनींनीच उघडलं. "या सर. तिसरा डाव चालू आहे. चहा घेणार ना?"

जळगावला मुलींच्या शाळेत असताना वहिनी सॉफ्टबॉल खेळायच्या. त्या भागात तो खेळ मुली फार हौसेने खेळतात. वहिनी कॅचर होत्या. क्रिकेटमधल्या विकेटकीपरसारखी ती जागा, पण त्यांच्यासमोर तसं म्हणायची सोय नव्हती. "विकेटकीपर चेंडू अडवतो. कॅचर खेळ चालवतो," त्या म्हणत. पुढचा चेंडू कसा टाकायचा हे कॅचर गुडघ्यांच्या आडून बोटांनी पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, सांगतो. पिचरला पटलं नाही तर तो नाही म्हणून मान हलवतो, पण मग पुढे जे होईल ते त्याच्या माथी. बाकीचे सगळे फलंदाजाकडे तोंड करून उभे असतात. कॅचर एकटाच त्यांच्याकडे तोंड करून बसतो. "सगळं मैदान मलाच दिसतं," हे त्यांचं दुसरं वाक्य, आणि ते त्या स्वयंपाकघरातूनही म्हणत.

लग्न होऊन बहारीनला येताना त्यांनी माहेरून ज्या वस्तू आणल्या त्यांत पितळी डबा, पुरणयंत्र आणि कॅचरचा जाडजूड ग्लोव्ह होता. ग्लोव्हला दर महिन्याला खोबरेल तेल लागायचं. कुकरही त्याच ग्लोव्हने उतरवला जायचा, त्यामुळे त्याला तेल, चामडं आणि वरणाच्या फोडणीचा एक मिश्र वास होता.

सॉफ्टबॉलची थोरली बहीण म्हणजे बेसबॉल. टीव्हीवर दिसतो तो हाच. वहिनींनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची एक टीम आपली मानली होती. तिथली संध्याकाळची मॅच आमच्याकडे पहाटे पाचला लागते आणि उन्हाळ्यात तेव्हा इथे लख्ख उजाडलेलं असतं. "पूर्वेकडच्या टीम चांगल्या आहेत," त्या प्रांजळपणे सांगत, "पण त्यांच्यासाठी रात्री जागावं लागतं. नोकरदार माणसाने निष्ठा घड्याळ बघून ठेवावी." ही टीम सहसा हरायची. वहिनींनी त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. शुक्रवारी पहाटे कळण्याची भाकरी, ठेचा आणि पराभव असा बेत असे.

त्यांचे यजमान, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो, सलमाबादच्या एका वर्कशॉपमध्ये एसी दुरुस्तीचे सुपरवायझर. क्रिकेटचे कट्टर भक्त. तरी दर शुक्रवारी सोफ्याच्या टोकाला बसत, ते टोमणे मारायला.

"एवढा मोठा दंडुका आणि तीन तासांत दोन धावा? आमचा अकराव्या नंबरचा बॉलरसुद्धा ह्याहून बरा मारतो."

"तुमच्याकडे चपटी बॅट लागते. गोल दंडुक्याने गोल चेंडू मारून दाखवा, मग दुसरा चहा मिळेल."

"आई, प्लीज, काउंट बघ," केतकी म्हणायची, म्हणजे वाद सोड आणि चेंडू मोज. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तरात इंग्रजी मिसळलेलं असायचं. बोटांच्या खुणांना मात्र कुठलीच भाषा नव्हती, आणि माझ्या मते त्या घरात निम्मं बोलणं त्यांतच होत होतं. एक बोट म्हणजे चहा ठेव. दोन म्हणजे ऊठ, निघ. तीन म्हणजे विषय बदला. मूठ म्हणजे भाऊंनी गप्प बसावं.

एकदा गणपतीत ह्या खुणांनी घोटाळा केला. मंडळाच्या हॉलमध्ये आरतीनंतर पंगत बसली होती. वाढणाऱ्या बाईंनी वहिनींना लांबून विचारलं, मोदक किती? वहिनींनी मांडीवरून दोन बोटं दाखवली. शेजारच्या रांगेतले भाऊ आणि केतकी अर्ध्या पानावरून उठले, हात धुतले, गाडीत जाऊन बसले आणि एसी लावून वीस मिनिटं वाट बघत राहिले. वहिनी मोदक खाऊन, तूप मागून घेऊन, सावकाश बाहेर आल्या. "ह्याला म्हणतात टीम," त्या मला म्हणाल्या. "प्रश्न न विचारता निघाले." भाऊंनी तो विषय पुढे दोन गणपती काढला.

थंडीत, म्हणजे इथे ज्याला थंडी म्हणतात त्या दिवसांत, इमारतीमागच्या मोकळ्या जागेत आमचा खेळ असे. कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडून, आणलेले पुठ्ठे हे बेस, धावताना गाठायचे टप्पे. पिचर केतकी. बाकी इमारतीतले जे सापडतील ते. बाद झालेल्याला 'आउट' कोणी म्हणत नसे, 'खलास' म्हणत. पहिल्या दिवशी वहिनींनी माझ्याकडे, माझ्या चष्म्याकडे आणि काखेतल्या पुस्तकाकडे नीट पाहिलं.

"सर, तुम्ही राइट फील्ड."

म्हणजे मैदानाचा पार उजवा कोपरा. तिकडे चेंडू क्वचित जातो. शाळेच्या टीममध्ये सगळ्यांत कच्चा खेळाडू तिथे उभा करतात, हेही त्यांनी लपवलं नाही.

"पुस्तक आणलं तर चालेल?"

"खुशाल आणा."

"आणि चेंडू आला तर?"

"तर पुस्तक खाली ठेवायचं."

तीन हिवाळ्यांत चेंडू माझ्याकडे दोनदा आला. पहिला एका गाडीखाली गेला. दुसऱ्याच्या वेळी मी एका प्रकरणाच्या शेवटच्या पानावर होतो. तो माझ्या पायाजवळून गेला, मग आरडाओरडा झाला आणि मी मान वर केली तेव्हा वहिनी आपली जागा सोडून सबंध मैदान ओलांडत माझ्याकडे चालत येत होत्या. जवळ येऊन त्यांनी ग्लोव्ह तोंडापुढे धरला. आता काय ऐकावं लागतं, म्हणून मी उभा राहिलो.

"चांगलं आहे का पुस्तक?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. त्या परत गेल्या.

खेळ संपल्यावर मी विचारलं, तोंडापुढे ग्लोव्ह कशाला? त्या म्हणाल्या, पिचरने दोनदा मान हलवली की कॅचर उठून त्याच्याकडे जातो. समोरच्यांना ओठ वाचता येऊ नयेत म्हणून ग्लोव्ह. "आणि बोलतो काय? निम्म्या वेळा जेवायला काय आहे तेच. मी माझी जागा सोडून आले, एवढं तिला दिसलं की पुरे."

दोन वर्षांपूर्वी वहिनींना दम लागायला लागला. आधी जिन्यावर, मग बोलताना, मग बसल्याबसल्या. फुफ्फुसं हळूहळू कडक होत होती आणि त्यावर फारसं औषध नव्हतं. घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. त्याची नळी सोफ्यापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पुरायची, पुढे नाही. उकिडवं बसणं बंद झालं. बोलणं कमी झालं. खुणा वाढल्या.

त्याच उन्हाळ्यात केतकीला पुण्याच्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला. फिजिओथेरपी, तिला हवी होती तीच शाखा. ऑगस्टमधलं तिकीट काढलं. आणि जुलैतल्या एका शुक्रवारी, मॅच चालू असताना, खिडकीपाशी उभी राहून ती म्हणाली, "आय ॲम नॉट गोइंग."

भाऊ म्हणाले, "अगं, फी भरली आहे."

"बाबा, तुम्हांला साधा कुकर लावता येत नाही. हू विल टेक केअर ऑफ हर? अँड ऑफ यू?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी टीव्हीकडे पाहिलं. अशा वेळी मी कुठेतरी पाहतो, हे ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे.

वहिनींनी मांडीवर दोन बोटं टेकवली. ऊठ, निघ.

केतकीने मान हलवली.

वहिनींनी पुन्हा दोन बोटं दाखवली, ह्या वेळी जरा जोराने, आपटल्यासारखी. केतकीने पुन्हा मान हलवली. तिचे डोळे भरले होते, पण मान ठाम होती. आता ते वाक्य येणार, असं मला वाटलं. ते आलं नाही.

वहिनींनी नाकातली नळी काढली, सोफ्याच्या हातावर ठेवली आणि उठल्या. कोपऱ्यातल्या टेबलावरचा ग्लोव्ह त्यांनी घेतला. भाऊ धरायला पुढे झाले, तर त्यांना मूठ दाखवली. सोफ्यापासून खिडकी नऊ पावलं असेल. मी मोजली, कारण प्रत्येक पावलाला त्या थांबत होत्या. टीव्हीवर कुणीतरी लांब चेंडू मारला आणि लोक ओरडत होते. आमच्यापैकी कोणी तिकडे बघितलं नाही. केतकीजवळ पोचून त्यांनी ग्लोव्ह तोंडापुढे धरला आणि काहीतरी सांगितलं. फार तर दोन वाक्यं. केतकी रडता रडता हसली. मग तिने आईला दोन्ही हातांनी धरून परत आणलं, नळी लावली आणि यंत्राचा काटा तपासला.

ऑगस्टमध्ये ती गेली.

वहिनी डिसेंबरात गेल्या, ऐन खेळाच्या दिवसांत. केतकी शेवटचे अकरा दिवस त्यांच्याजवळ होती. सगळं आटोपल्यावर ती परीक्षेला परत गेली. तशी खूण तिला आधीच मिळाली होती, असं भाऊ म्हणाले.

त्यानंतरचे महिने मी बराच वाचत होतो. वाचलेलं फारसं आठवत नाही. वर सगळं शांत होतं. कधी पुरणयंत्र का काहीतरी पडल्याचा आवाज यायचा आणि पुन्हा शांत.

मग एप्रिल आला, नवा मोसम सुरू झाला आणि पहिल्याच शुक्रवारी पहाटे केतकीचा फोन आला. पुण्यात तेव्हा पावणेआठ झालेले. हॉस्टेलच्या मेसमधल्या भांड्यांचा आवाज येत होता.

"अंकल, मॅच लावली?"

मी नाही म्हटलं. मी पुस्तक घेऊन बसलो होतो, हेही सांगितलं.

"आय न्यू इट." भांड्यांचा आवाज मागे पडला. "आईने त्या दिवशी काय सांगितलं, यू नेव्हर आस्क्ड."

"ग्लोव्हच्या आतलं होतं ते."

"ती म्हणाली," आणि इथे केतकी निव्वळ मराठीत बोलू लागली, अडखळत, आईचाच शब्द न शब्द, "राइट फील्डला सर आहेत. बाबांचं ते बघतील. तू चेंडू टाक."

मला कोणी विचारलं नव्हतं. तीन हिवाळे मी त्या कोपऱ्यात उभा होतो ते चेंडू येत नाही ह्या भरवशावर, आणि त्या समोर बसून सगळं मैदान बघत होत्या.

फोन कानाशी असतानाच दाराची बेल वाजली. बाहेर भाऊ होते. एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात तो ग्लोव्ह, आणि ग्लोव्हमध्ये गरम कुकर.

"सर, ह्याच्या शिट्ट्या किती करायच्या असतात?" त्यांनी विचारलं. "आणि ती मॅच लावा. हरताहेत का बघू."

मी पुस्तक खाली ठेवलं.